घाटाखाली उतरताना

बुलढाणा जिल्ह्यात माणसाची ओळख पहिल्यांदा तालुक्यावरून होत नाही, ती घाटावरून होते. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे घाटावरचे. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे. मधे अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड आहे. पैनगंगेकाठचं देऊळघाट बुलढाण्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणजे घाटावरचं. गावाच्या नावातच घाट आहे. इथल्या माणसाला रेल्वे गाठायची असली, कापूस खामगावला न्यायचा असला किंवा गाडीचा एखादा पार्ट आणायला भुसावळ-जळगावकडे जायचं असलं, तर घाट उतरावाच लागतो. मोताळ्या-मलकापूरच्या बाजूला राजूर घाट. खामगावच्या बाजूला बोथा घाट, तोही ज्ञानगंगा अभयारण्यातून, जिथे वळणापलीकडे कधी नीलगाय उभी असते तर कधी अस्वल.

बुलढाण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे साडेसहाशे मीटर आहे आणि मलकापूरची अडीचशेच्या आसपास. हा फरक नकाशात रंगाच्या छटेसारखा दिसतो, गाडीच्या चाकात मात्र तो उष्णता होऊन उतरतो. समजा, माल भरलेली दोन टनांची जुनी जीप-पिकअप तीनशे मीटर खाली आली आणि इंजिनाची काहीच मदत न घेता सगळा उतार ब्रेकवर काढला. तेवढ्या उतारात जी ऊर्जा ब्रेकला गिळावी लागते तिच्यावर अठरा लिटर गार पाणी उकळीला येईल. अठरा लिटर म्हणजे मोठी बादली भरून. ती सगळी आच चार लोखंडी ड्रमांत, काही मिनिटांत. ड्रम तापतो, फुगतो, आतून त्यावर दाबल्या जाणाऱ्या शूपासून लांब सरकतो. शूवरचा लायनर तापून गुळगुळीत होतो आणि त्याची पकड जाते. आच पुढे चाकातल्या व्हील सिलिंडरमधल्या तेलापर्यंत गेली की तेल उकळतं आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं तर दबत नाही, वाफ दबते. पाय पेडलवर असतो, पेडल थेट तळाच्या पत्र्यापर्यंत जातं आणि गाडी पुढेच जात राहते. वऱ्हाडात याला दोन शब्द आहेत: ब्रेक गेला.

हा लेख अशा जुन्या गाड्यांच्या ब्रेकविषयी आहे. तो कसा सुधारावा, सुरुवात कुठून करावी आणि कुठे हात आखडता घ्यावा, याविषयी.

जगात ‘क्लासिक पिकअप’ म्हटलं की डोळ्यांपुढे गोल डोळ्यांची, फुगीर मडगार्डांची अमेरिकन शेवरोले किंवा फोर्ड येते. तिचा आणि महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता आणि तिथून शेवरोलेचे ट्रकही बाहेर पडत. पुढे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात डॉज आणि फार्गो ट्रक जोडले. पण खेड्यापाड्यांत ज्या गाडीने खऱ्या अर्थाने पिकअपचं काम केलं ती जीप.

२ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झालेली कंपनी १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. मुंबईत माझगावला तिने विलीस जीप जोडायला सुरुवात केली, पुढे सीजे-थ्री-बी हे उंच बॉनेटचं मॉडेल भारतातच घडू लागलं आणि अनेक दशकं टिकलं. १९५२ मध्ये सामूहिक विकास योजना आली, १९६२ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, आणि बीडीओची, म्हणजे गटविकास अधिकाऱ्याची जीप हा ग्रामीण महाराष्ट्राच्या दृश्याचा भाग झाला. आरोग्य खातं, पाटबंधारे, कृषी, वनखातं, सगळीकडे जीपच. या सरकारी जिपा निर्लेखित होऊन लिलावात निघत. घेणारा शेतकरी किंवा व्यापारी असे. मागचे बाक काढायचे, मागचा भाग कापून लोखंडी पत्र्याचा हौदा बसवायचा, ताडपत्रीला कड्या लावायच्या, की झाली पिकअप. कारखान्याने स्वतः काढलेल्या जीप-पिकअप आणि चपट्या तोंडाच्या ‘एफसी’ गाड्याही होत्याच. गावातल्या गावात कापून केलेल्या पिकअपांची मोजदाद मात्र कुठल्याच कंपनीच्या दप्तरात सापडायची नाही.

या गाड्यांच्या आयुष्यात एक मोठं ऑपरेशन झालं. पेट्रोल महागलं तसं मूळचं पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल इंजिन बसवण्याची लाट आली. कुणी पर्किन्स बसवलं, कुणी मॅटाडोरचं. नंतर महिंद्रने स्वतःच प्यूजोच्या तंत्रावरचं डिझेल इंजिन इगतपुरीला तयार करायला घेतलं, तेही जुन्या जिपांत शिरलं. इंजिन जड झालं, ओढ वाढली, माल वाढला. मागचे कमान-पाटे दणकट झाले, टायर रुंद झाले, पुढे पॉवर स्टेअरिंगही आलं. आणि ब्रेक? तो बहुतेक गाड्यांत होता तसाच राहिला. दुसऱ्या महायुद्धातल्या हलक्या लष्करी गाडीसाठी आखलेला, नऊ इंची ड्रमचा. पळवणाऱ्या भागावर माणूस हौसेने खर्च करतो. थांबवणाऱ्या भागावरचा खर्च पुढच्या हंगामावर ढकलला जातो. हा क्रम उलटा व्हायला हवा, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे, आणि ते पटवायला आकडे पुरेसे आहेत.

मूळ विलीस जीपचा ब्रेक साधा आहे, आणि त्या साधेपणातच त्याचं देखणेपण आहे. पायाखालचं पेडल ही तरफ. पायाने तीस किलोचा जोर दिला आणि तरफेचं प्रमाण सहापट धरलं तर मास्टर सिलिंडरच्या दांड्यावर एकशे ऐंशी किलो पोचतात. मास्टरचा पिस्टन एक इंच व्यासाचा, म्हणजे क्षेत्रफळ जेमतेम पाच चौरस सेंटिमीटर. तेलात दाब तयार होतो चौरस सेंटिमीटरला छत्तीस किलोच्या आसपास. पास्कलच्या नियमाने हा दाब चारही चाकांना सारखाच मिळतो. पुढच्या व्हील सिलिंडरचा व्यासही एक इंच, म्हणून तिथे प्रत्येक पिस्टन एकशे ऐंशी किलोने शू ढकलतो. मागचा पाऊण इंची, तिथे हा जोर शंभराच्या आसपास भरतो. पुढे जास्त आणि मागे कमी, हे मुद्दाम आहे. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. त्यांना जास्त ब्रेक दिला तर ती लॉक होतात आणि गाडी शेपटाकडून फिरते.

इथे गॅरेजमधली एक जुनी समजूत खोडून काढायला हवी. ब्रेक कमी लागतो म्हणून मोठ्या व्यासाचा मास्टर सिलिंडर आणून बसवणारे पुष्कळ आहेत. हिशेब उलटा आहे. तेच एकशे ऐंशी किलो सव्वा इंची पिस्टनवर टाकले तर दाब छत्तीसवरून तेवीसवर उतरतो. पेडल कडक आणि उंच लागतं, म्हणून पायाला बरं वाटतं, पण चाकाला जोर कमी मिळतो. पाऊण इंची मास्टर लावला तर दाब त्रेसष्टावर जातो, मात्र पेडल बरंच खोल जातं, कारण छोटा पिस्टन एका दाबात तेल कमी ढकलतो. जोर आणि प्रवास यांची ही वाटाघाट आहे. पेडल कडक लागलं म्हणजे ब्रेक चांगला, असा अर्थ लावून घाटात जाणारा माणूस स्वतःच्या तळपायाकडून फसतो.

तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचा इतिहास शंभर वर्षांपलीकडे जातो. अमेरिकेतल्या माल्कम लॉगहेडने ही कल्पना पेटंट केली, १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले, आणि त्याच आडनावाचं सोपं रूप ‘लॉकहीड’ आजही ब्रेकच्या डब्यांवर दिसतं. त्या काळचं ब्रेक ऑइल म्हणजे एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण होतं. आजचं तेल ग्लायकॉलचं असतं आणि त्याची खोड वेगळी: ते हवेतली ओल शोषतं. डॉट-३ प्रतीचं कोरं तेल २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, ओल शोषून जुनं झालं की १४० अंशांनाच. डॉट-४ चे हेच आकडे २३० आणि १५५. म्हणजे दोन-तीन पावसाळे तेच तेल ठेवलेल्या गाडीने घाट उतरताना माणसाने पासष्ट-पंच्याहत्तर अंशांची हातची शिल्लक आधीच गमावलेली असते. सगळ्या सुधारणांत सगळ्यांत स्वस्त सुधारणा हीच आहे: जुनं तेल पूर्ण काढून सीलबंद डब्यातलं नवं डॉट-४ भरणं. अर्धा डबा वर्षभर गॅरेजच्या फळीवर उघडा पडलेला असेल तर तो टाकून द्यावा.

सुधारणेचा विषय निघाला की पहिली मागणी डिस्कची येते. खरं तर जुन्या जीपचं सगळ्यांत मोठं दुखणं ड्रम नाही. तिचा मास्टर सिलिंडर एकच आहे आणि त्यातून निघणारी वाट एकच, हे खरं दुखणं. चार चाकांपैकी एका चाकाची रबरी नळी फुटली, एका व्हील सिलिंडरचं रबर फाटलं, की तेल तिथून वाहून जातं आणि चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. मागे हॅन्डब्रेक उरतो. विलीस जीपचा हॅन्डब्रेक चाकांवर लागतच नाही, ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला बसवलेल्या छोट्या ड्रमवर लागतो. तिथे गिअर ऑइलचं सील गळकं असेल तर तो ड्रम तेलात न्हालेला असतो. उभ्या गाडीला तो धरून ठेवतो, धावत्या गाडीला थांबवणं हे त्याचं काम नव्हे.

म्हणून पहिली सुधारणा दुहेरी मास्टर सिलिंडर. एकाच नळकांड्यात एकामागे एक दोन पिस्टन, तेलाच्या दोन टाक्या, दोन वाटा: एक पुढच्या चाकांची, एक मागच्या. एक वाट फुटली तरी दुसरी जिवंत राहते. पेडल खोल जातं, अंतर जास्त लागतं, पण गाडी थांबते. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस नव्या मोटारींना अशी दुहेरी व्यवस्था सक्तीची झाली. तिकडच्या जुन्या पिकअपच्या शौकिनांमध्येही हेच काम आधी होतं, रंग आणि क्रोम मागून येतात. आपल्याकडच्या जुन्या जिपांत ही अदलाबदल अवघड नाही, पण तिला जागेची अडचण आहे. मूळ मास्टर ड्रायव्हरच्या पायांखाली, चासीला लागून बसतो. तेल तपासायचं तर तळाच्या पत्र्यावरचं झाकण काढावं लागतं. चिखल, शेण, पाणी सगळं त्याच्या अंगावर. त्यामुळे तेल कमी झालं हे कळतं ते पेडल खाली गेल्यावरच. अनेक मिस्त्री दुहेरी मास्टर फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर चढवतात आणि पेडल वरून लोंबतं करतात. त्याचा फायदा एवढा मोठा आहे की त्यासाठीची वेल्डिंगची कटकट सोसावी. बॉनेट उघडलं की टाकी समोर दिसते. फक्त तो पत्रा पातळ असतो, पेडल दाबलं की डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर होतो. त्याच्यामागे जाड पट्टी न लावता मास्टर चढवला तर पायाचा अर्धा जोर पत्रा वाकवण्यात जातो.

आता डिस्क. चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटा काढायची कल्पना इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्येच पेटंट केली होती. तिचं सोनं व्हायला अर्धं शतक लागलं. १९५३ मध्ये डिस्क ब्रेकच्या जग्वार गाडीने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, १९५५ मध्ये फ्रान्सच्या सित्रोएन डीएसने पुढच्या चाकांना डिस्क दिली आणि ती मोठ्या संख्येने विकली. अमेरिकन पिकअपांत ती १९७० च्या दशकाच्या तोंडावर रुळली.

घाटात डिस्क चांगली का, याचं उत्तर तिच्या उघडेपणात आहे. ड्रमच्या आत घर्षण होतं आणि आच आतच कोंडते. डिस्क वाऱ्यात फिरते. ड्रम तापला की फुगून शूपासून दूर जातो, चकती तापली की जाड होते, म्हणजे पॅडच्या जवळच येते. पावसाळ्यात पैनगंगेच्या काठचे नाले ओलांडून आल्यावर ड्रममध्ये पाणी साचतं आणि पहिले दोन-तीन ब्रेक कोरडे जातात. हा अनुभव इकडच्या प्रत्येक ड्रायव्हरने घेतलेला आहे, म्हणून पाण्यातून निघाल्यावर डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून शू वाळवत नेण्याची त्यांची रीत आहे. चकतीवरचं पाणी एका फेरीत झटकलं जातं.

पण ड्रमपाशी एक गुण आहे जो डिस्कपाशी नाही. ड्रम फिरताना पुढच्या शूला स्वतःकडे ओढून घेतो आणि पायाच्या जोरात स्वतःची भर घालतो. चकती असली मदत करत नाही, तिला नुसता चिमटा हवा आणि तोही जबरदस्त. त्यामुळे ड्रम काढून डिस्क लावली आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर पेडल दगडासारखं लागतं आणि गाडी आधीपेक्षा कमी थांबते. मालकाला वाटतं मिस्त्रीने फसवलं. खरं म्हणजे साखळीतली एकच कडी बदलली गेलेली असते.

त्या कडीला जोडलेली पुढची कडी म्हणजे बूस्टर. पेडल आणि मास्टर यांच्यामध्ये बसणारा हा मोठा पत्र्याचा डबा हवेच्या दाबावर चालतो. एका बाजूला पोकळी, दुसऱ्या बाजूला आपल्याभोवतालची हवा, मधे रबरी पडदा. आठ इंची बूस्टरचा पडदा सव्वातीनशे चौरस सेंटिमीटरचा भरतो. इंजिन निरोगी असेल आणि पोकळी चांगली असेल तर त्यावर हवा दोनशे किलोच्या आसपास जोर टाकते. पायाच्या एकशे ऐंशीत ही भर पडली की सगळं चित्र पालटतं.

ही पोकळी येते कुठून, हा प्रश्न जुन्या जीपच्या बाबतीत निर्णायक आहे. पेट्रोल इंजिनात कार्ब्युरेटरची झडप हवा अडवते आणि तिच्यामागे आपोआप पोकळी तयार होते, तिथून नळी काढली की झालं. डिझेल इंजिनात अशी झडप नसते, हवा मोकळी आत जाते, पोकळी नसते. पेट्रोल काढून डिझेल बसवलेल्या गाडीत बूस्टर नुसता टांगला तर तो पत्र्याचा डबा म्हणूनच राहतो. त्यासाठी व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या अनेक डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो, त्याला इंजिनमधून ऑइल लागतं, आणि बूस्टरच्या तोंडाशी एकतर्फी झडप लागते. हे सगळं बसलं तरी एक नियम पाळावा लागतो: इंजिन बंद झालं की बूस्टरमध्ये साठलेली पोकळी एक-दोन ब्रेकांपुरतीच असते. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून, न्यूट्रलवर उतार काढायची सवय जुन्या बूस्टर नसलेल्या गाडीत वाईट होती, बूस्टरच्या गाडीत ती जीवघेणी आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ही जुन्या ट्रकवाल्यांची शिकवण नव्या ब्रेकलाही लागू आहे. सुरुवातीला सांगितलेली ती अठरा लिटर पाण्याची आच इंजिनाने वाटून घेतली तर ब्रेकच्या वाट्याला तिचा तुकडाच येतो.

पार्ट्स मिळण्याच्या बाबतीत महाराष्ट्रातला जीपवाला भाग्यवान आहे. विलीसपासून थारपर्यंत चाकाच्या पाच बोल्टांचं वर्तुळ १३९.७ मिलिमीटरचंच राहिलं आहे. त्यामुळे बोलेरो किंवा थारचा पुढचा डिस्क-संच, बूस्टर, दुहेरी मास्टर हे सगळं एकाच घराण्यातलं निघतं. ब्रेकची कारखानदारीही लांब नाही. कल्याणी ब्रेक्सचा कारखाना जळगावलाच उभा राहिला आणि पुढे तो बॉशकडे गेला. घाट उतरून मलकापूरला आलं की जळगावच्या औद्योगिक वसाहतीचा रस्ता धरता येतो. भंगार बाजारातल्या अपघाती गाडीवरून काढलेला संच स्वस्त पडतो, त्यात चूक नाही. फक्त कॅलिपरचा, म्हणजे चकतीला धरणाऱ्या चिमट्याचा, पिस्टन गंजलेला नाही ना, चकतीची जाडी किमान मापाखाली गेलेली नाही ना, हे बघून घ्यावं. त्यातली रबरं एकूण एक फेकून नवं किट टाकावं. हब आणि बेअरिंग वेगळी असतात, चकती बरोबर मध्यावर येते का हे डायल गेजने पाहणारा मिस्त्री मिळाला तर त्याला दोन पैसे जास्त द्यावेत. रिम सोळा इंची असेल तर कॅलिपर बसायला जागा मिळते. लहान रिम टाकून गाडी बसकी दिसावी म्हणणाऱ्याने आधी कॅलिपर घासतो का हे हाताने चाक फिरवून बघावं.

एक बारीक झडप इथे फार मोठं काम करते आणि नेमकी तीच विसरली जाते. ड्रमच्या जुन्या मास्टरमध्ये तेलाचा थोडा दाब कायम अडवून धरणारी झडप आतच असते, सुमारे दहा पीएसआयची (चौरस इंचाला दहा पौंड), म्हणजे व्हील सिलिंडरची रबरं फुगलेली राहतात आणि हवा आत शिरत नाही. त्याच मास्टरला डिस्क जोडली तर तो दहाचा दाब पॅडला चकतीवरून मागे सरकू देत नाही. गाडी ब्रेक लागलेलीच धावते, चाकातून वास येतो, घाटाच्या आधीच तेल तापतं. मास्टर पायांखालीच ठेवायचा असेल तर मात्र डिस्कच्या वाटेवर दोन पीएसआयची झडप घालावी लागते, नाहीतर कॅलिपरमधलं तेल उताराने मास्टरकडे परततं आणि पहिलं पेडल फुकट जातं.

पिकअपचं आणखी एक वेगळेपण आहे आणि ते कारच्या मेकॅनिकला चकवतं. रिकामी पिकअप आणि भरलेली पिकअप या ब्रेकच्या दृष्टीने दोन वेगळ्या गाड्या असतात. मागे सोयाबीनची पोती किंवा कापूस असेल तर मागच्या चाकांवर वजन असतं, तिथे ब्रेक चांगला लागतो. तीच गाडी मार्केट यार्डातून रिकामी परतते तेव्हा मागचा हौदा पिसासारखा हलका असतो. पावसाच्या पहिल्या सरीत डांबर निसरडं झालेलं असतं, आणि तोच ब्रेक मागची चाकं लॉक करतो. म्हणून आजच्या अनेक पिकअपांच्या मागच्या अ‍ॅक्सलवर एक दांडी दिसते. पाटे दबले की ती दांडी फिरते आणि मागच्या वाटेचा दाब वाढवते, पाटे उठले की कमी करते. जुन्या गाडीत हा व्हॉल्व्ह बसवणं हे शोभेचं काम नव्हे. पुढे डिस्क घेऊन मागे ड्रमच ठेवायचा आणि दाबाची ही वाटणी नीट करायची, हा इकडच्या वापराला सगळ्यांत शहाणा मेळ आहे. मागेही डिस्क लावायची हौस काहींना असते. तसं केलं तर चांगला हॅन्डब्रेक कुठून आणायचा हा प्रश्न उभा राहतो, आणि उतारावर माल उतरवणाऱ्या गाडीला तो प्रश्न टाळता येत नाही.

ज्याच्याकडे डिस्कचे पैसे नाहीत त्याने निराश व्हायचं कारण नाही. नऊ इंचांऐवजी अकरा इंची ड्रम, नवे लायनर, लेथवर गोलाई नीट केलेले ड्रम, दुहेरी मास्टर, नवं तेल, एवढ्यावरही जुनी जीप ओळखू येणार नाही इतकी सुधारते. मोठ्या ड्रममध्ये लोखंड जास्त, म्हणून आच पसरायला जागा जास्त. काही अमेरिकन जीपवाले मूळ रूप टिकवण्यासाठी मुद्दाम हीच वाट निवडतात.

गॅरेजमध्ये काही गोष्टी मायेने किंवा घाईने चुकीच्या होतात. ब्रेकची रबरं रॉकेलने किंवा डिझेलने धुणं ही त्यातली पहिली. खनिज तेलाचा थेंब लागला तरी ही रबरं फुगून बटाट्यासारखी होतात आणि सिलिंडरमध्ये अडकतात. तेल कमी पडलं म्हणून इंजिन ऑइल ओतलेली गाडी आली तर पूर्ण ब्रेक उघडून सगळी रबरं बदलण्याशिवाय इलाज नाही. दुसरी गोष्ट पाइपची. स्टीलचा पाइप गंजला की फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी आणून वाकवली जाते, कारण ती हाताने वाकते. साधं तांबं सततच्या थरथरीने कडक होऊन एक दिवस तडकतं. पाइप स्टीलचा किंवा तांबं-निकेल मिश्रणाचा हवा आणि त्याचं तोंड दुहेरी दुमडलेलं हवं. तिसरी गोष्ट लायनरच्या धुळीची. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडून कॉम्प्रेसरच्या हवेने ती काळी पावडर उडवणारा पोरगा तिच्यातले तंतू फुप्फुसात घेतो आणि त्याचा परिणाम दिसायला दशकं जातात. ओल्या फडक्याने पुसणं, तोंडाला रुमाल नव्हे तर चांगला मास्क, आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकणं, हे त्या पोराचं देणं आहे.

कायद्याचंही पाहावं लागतं. बुलढाण्याच्या एमएच-२८ पासिंगची गाडी असो वा कुठलीही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीपत्रातल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही, आणि इंजिन बदलायचं तर परिवहन कार्यालयाची नोंद लागते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचलं. दुसरीकडे जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या बिगर-व्यापारी गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली. वीस हजार रुपये शुल्क, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि मूळ रूप टिकवण्याची अट. अशा गाडीला रोजच्या मालवाहतुकीची मुभा नाही, ती प्रदर्शन, रॅली आणि दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर येते. त्यामुळे मालकाने आधीच ठरवावं: ही गाडी जपायची आहे की राबवायची? जपायची असेल तर मूळ ड्रम पेटीत ठेवून काम असं करावं की उद्या परत बसवता येतील, चासी न कापता, नवी छिद्रं न पाडता. राबवायची असेल तर फिटनेसला जाताना केलेल्या बदलांचे कागद, बिलं आणि पार्टचे क्रमांक बरोबर असू द्यावेत. विम्याच्या दाव्याच्या वेळी हेच कागद कामाला येतात.

शेवटी चाचणी. सगळं बसलं की हवा काढायची. मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात: उजव्या स्टेअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. एकजण पेडलवर, एकजण निपलवर, पारदर्शक नळी तेलात बुडवलेली, बुडबुडे थांबेपर्यंत. मग इंजिन चालू ठेवून पूर्ण जोराने पेडल दाबून मिनिटभर धरायचं. ते हळूहळू खाली सरकलं तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टरचं रबर दाब सोडतं आहे, आणि गाडी जागची हलवायची नाही. नंतर सपाट, मोकळ्या जागी ताशी दहा-वीसचा वेग, मग चाळीस. नव्या पॅडचं आणि चकतीचं जमेपर्यंत जोराचे ब्रेक टाळून शंभर-दोनशे किलोमीटर सौम्य चालवायचं.

ताशी साठने जाणारी गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर पुढे जाते. ड्रायव्हरचा पाय पेडलवर पोचेपर्यंत तेवढं अंतर जातंच. त्यानंतर चांगला ब्रेक तिला वीस मीटरच्या आसपास थांबवतो, थकलेला ब्रेक पस्तीसच्या. मधल्या पंधरा मीटरमध्ये एक बैलगाडी मावते, शाळेतून सुटलेल्या पोरांची रांग मावते.

सगळ्यांत शेवटची तपासणी घाटाखाली होते. पहिल्यांदा, माल न घेता, दुसऱ्या गिअरमध्ये राजूर घाट उतरायचा, ब्रेक सलग न धरता दाबून-सोडून वापरायचा आणि खाली सपाटीला लागलं की गाडी झाडाखाली घ्यायची. चाकाला दगड लावून चारही हबांजवळ तळहात न्यायचा, टेकवायचा नाही. पुढचे दोन्ही सारखेच तापलेले हवेत आणि मागचे दोन त्यांच्यापेक्षा थोडे गार. एखादा पुढचा हब दुसऱ्याहून उघड जास्त तापलेला असेल तर त्या बाजूचा कॅलिपर अडकतो आहे. मग ऊन उतरेपर्यंत थांबून, ते चाक खोलूनच परत घाट चढायचा.